१/२४ की १/२५: पुढचं कार-किट कुठलं घ्यावं?

प्लॅस्टिकच्या मॉडेल गाडीचं पहिलं किट बहुधा डब्यावरचं चित्र बघून घेतलेलं असतं. खरा प्रश्न पडतो तो त्यानंतर, म्हणजे निपर, फाइल, प्राइमर असं सगळं हाताशी आलं आणि आता जरा मनासारखी गाडी करू या असं वाटायला लागलं की. जपानी १/२४ (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं) घ्यायचं की अमेरिकन १/२५? मी दोन्ही बनवली आहेत आणि दोन्ही बनवत राहीन. तरी माझा कल कुठे आहे तो फार वेळ लपून राहायचा नाही.

मापाचा मुद्दा आधीच निकालात काढतो, कारण नवखे नेमके त्यातच अडकतात. खरी गाडी ४.८ मीटर लांब असेल तर १/२४ मध्ये ती २० सेंटिमीटर भरते आणि १/२५ मध्ये १९.२. एकच गाडी दोन्ही मापांत शेजारी ठेवली तर फरक दिसतो; गाड्या वेगळ्या असल्या तर कुणाच्या लक्षातही येत नाही. गंमत अशी की १/२४ हे मुळात फूट-इंचातलं माप, एका फुटाला अर्धा इंच. ते धरलं मीटरवाल्या जपान्यांनी, आणि फूट-इंचवाले अमेरिकन बसले १/२५ ला चिकटून. त्यांचं १/२५ आलं शोरूममधून. एएमटीसारख्या कंपन्या डीलरांसाठी दरवर्षीच्या नव्या गाड्यांची तयार मॉडेलं काढायच्या, आणि पुढे त्याच साच्यांवर किट निघाली. त्यातही मोनोग्रॅम या अमेरिकन कंपनीचा ओढा १/२४ कडे होता. १९८६ मध्ये ती रेव्हेलबरोबर एकत्र झाली, त्यामुळे आज रेव्हेलच्या डब्यात दोन्ही मापं सापडतात. घेताना डब्याची कड वाचा, एवढंच.

गाडीत फेरफार करणं हाच ज्याचा जीव आहे, त्याला अमेरिकन किटचं आकर्षण वाटणार आणि ते रास्तच आहे. एएमटीने १९५८ मध्ये 'थ्री इन वन' किट आणली. एकाच डब्यातून शोरूममधली, कस्टम किंवा शर्यतीची, तुम्हाला हवी ती गाडी करा. जॉर्ज बॅरिससारखा खऱ्या गाड्या कापून-जोडून नाव कमावलेला माणूस त्यांना सल्ला द्यायला होता. त्या परंपरेचा फायदा आजही मिळतो. गाडी पूर्ण झाली तरी स्प्रूवर, म्हणजे सुटे भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर, दुसरी ग्रिल, जास्तीचे कार्ब्युरेटर, ब्लोअर, चाकांचा आणखी एक जोड असं बरंच उरतं. सुट्या भागांचा डबा भरतो तो अशा किटांमुळेच. शिवाय बॉनेट उघडतं, आत अख्खं इंजिन असतं, त्याला स्पार्क प्लगच्या बारीक तारा जोडता येतात. हे सुख जपानी किटमध्ये सहसा नाही. टामिया, हासेगावा, फुजिमी, आओशिमा हे सगळे शिझुओकाचे, आणि त्यांच्या १/२४ गाड्यांपैकी बऱ्याच कर्बसाइड असतात. बॉनेट बॉडीतच ओतलेलं, खाली इंजिनाचा फक्त तळ दिसतो. अपवाद आहेत, पण ते शोधून घ्यावे लागतात.

कागदावर बघाल तर इथेच अमेरिकन किट जिंकतं. माझं मत फिरलं ते बांधणीच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर, चेसिस बॉडीत बसवताना.

जपानी किटमध्ये हा टप्पा जाणवतही नाही. चेसिसचं एक टोक आत सरकवायचं, दुसरं दाबायचं, टक् आवाज येतो आणि गाडी चाकांवर उभी. काही किटांत तर स्क्रू असतो, म्हणजे परत काढायचीही सोय. जुन्या पद्धतीच्या अमेरिकन किटमध्ये मात्र फायरवॉल (इंजिन आणि सीटा यांच्यामधली भिंत) बॉडीला चिकटवलेली असते, रेडिएटरची भिंतही बॉडीला, इंजिन चेसिसवर, आणि या दोन्हींच्या मध्ये आतल्या सीटांचा टब. हे सगळं एकमेकांना न घासता एकाच वेळी आपापल्या जागी जायला हवं. कोरडं जुळवून बघताना ते जातंही. पण नंतर टबवर रंग चढतो, बॉडीच्या आत काच बसते, तिच्या कडेचा गोंद थोडा फुगतो, सायलेन्सरचे पाइप लागतात, आणि सुरुवातीला जी जागा कशीबशी पुरत होती ती आता पुरत नाही. मग दारांखालच्या दोन्ही कडा अंगठ्यांनी बाहेर ताणायच्या आणि श्वास रोखून चेसिस आत लोटायची.

साठच्या दशकातल्या एका कूपेचं असंच झालं. मेटॅलिक हिरवा, त्यावर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर, तो बारीक पेपरने घासून पॉलिश केलेला. बॉडी अगदी हवी तशी उतरली होती. चेसिस पुढून बसली तर मागून वर राही, मागून दाबली तर फॅन रेडिएटरला टेके. शेवटी कडा ताणल्या. प्लॅस्टिक वाकलं, पण क्लिअर कोट कुठवर वाकणार? पुढच्या काचेच्या खांबाच्या मुळाशी केसाएवढी रेघ उमटली. लांबून दिसत नाही. मला दिसते. खालून चेसिसही एका बाजूला कणभर बाहेर राहिली, त्यामुळे गाडी सपाट टेबलावर तीनच चाकांवर उभी राहते. सगळीच अमेरिकन किट अशी नसतात, नव्या साच्यांची तर बरीच सुधारलेली आहेत, आणि माझ्यापेक्षा कसलेले हात हे लीलया जमवतात. पण आठवडेच्या आठवडे रंगावर घालवायचे आणि गाडी बिघडण्याची खरी भीती अगदी शेवटच्या पायरीवर, ही रचनाच मला पटत नाही. तिथून पुढे मी किट निवडताना इंजिन आहे का हे नंतर बघतो. चेसिस कशी बसते हे आधी.

दुसरं म्हणजे चाकं. आजकाल फेरफार म्हणजे बहुतेकांच्या लेखी चाकं बदलणं आणि गाडी खाली बसवणं. जपानी किटमध्ये हबच्या आत पॉलीकॅप, म्हणजे मऊ प्लॅस्टिकची छोटी टोपी असते. चाक दाबलं की बसतं, ओढलं की निघतं. आओशिमा आणि फुजिमीचे चाकांचे सुटे संच मिळतात, ते थोड्याफार खटपटीने एकमेकांच्या गाड्यांना लागतात. गाडी २ मिलिमीटर खाली आणली तर ते खऱ्या गाडीतले जवळजवळ ५ सेंटिमीटर होतात, म्हणजे हबची जागा जराशी वर सरकवली तरी काम भागतं. हीच चाकं १/२५ च्या गाडीलाही चालतात, १८ इंची रिममध्ये दोन मापांचा फरक पाऊण मिलिमीटर. अमेरिकन किटच्या बाजूने एक सांगायला हवं. जुन्या किटांत आरपार जाणारा धातूचा आस असतो, त्यामुळे समोरासमोरची चाकं आपोआप एका रेषेत येतात. पण काहींत तोच आस इंजिनच्या ब्लॉकमधून जातो, आणि ज्या इंजिनासाठी किट घेतलं त्याच्याच पोटात भोक दिसतं.

जपानी किटचे त्रासही आहेतच. बंपर बरेचदा वेगळे येतात. ते बॉडीबरोबर एकाच बैठकीत, गाडीवर असतील त्याच कोनात धरून रंगवले नाहीत तर मेटॅलिकची छटा वेगळी दिसते आणि ती नंतर लपवता येत नाही. शिवाय जे मिळतं ते इतकं नेमकं जुळतं की कधीकधी आपण काही केलंच नाही असं वाटतं. ही तक्रार मी खऱ्या कस्टमवाल्यांकडून ऐकतो, आणि तिच्यात तथ्य आहे. छप्पर कापून खाली घ्यायचं असेल, व्ही-एट इंजिन उघडं दाखवायचं असेल, पन्नास-साठच्या दशकांतली अमेरिकन गाडीच हवी असेल, तर बिनदिक्कत १/२५ घ्या. तिथे जपान्यांकडे फारसा पर्याय नाही. पण गाडी पूर्ण होऊन कपाटात उभी राहावी, चाकं मनासारखी असावीत, रंग आरशासारखा असावा एवढीच अपेक्षा असेल, तर १/२४ कर्बसाइडमध्ये मनस्ताप कमी होतो, असा आपला माझा अनुभव.

आणि १/२५ घेतलंच, तर प्राइमर मारण्याआधी टब, चेसिस, फायरवॉल आणि काच मास्किंग टेपने बॉडीत बसवून बघा. टबच्या दोन्ही कडा घट्ट लागत असतील तर रंगाची जाडी धरून आत्ताच घासा. मागच्या चाकांच्या कमानींची आतली बाजूही पातळ करा. रेडिएटरची वरची नळी आणि सायलेन्सरचे पाइप चेसिस बसल्यावरच चिकटवा, सूचनापत्रकात ते आधी दाखवले असले तरी.