फ्री डिशचा सेट-टॉप बॉक्स आणि पेनड्राइव्हवरील रेकॉर्डिंग : एक परीक्षण

दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश सेवेसाठी बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच सेट-टॉप बॉक्सना यूएसबी पोर्ट असतो आणि त्यात पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क लावली की चालू कार्यक्रम थेट त्यावर रेकॉर्ड करता येतो. खोक्यावर ही सोय ‘पीव्हीआर’ (पर्सनल व्हिडिओ रेकॉर्डर) अशा तीन अक्षरांत उरकलेली असते आणि दुकानातही तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. म्हणूनच या परीक्षणात चित्र, आवाज किंवा वाहिन्यांची संख्या यांपेक्षा रेकॉर्डिंगचाच विचार केला आहे. माझ्या वापरातील बॉक्स नामांकित कंपनीचा नाही. हजार-दीड हजार रुपयांच्या पट्ट्यात मिळणारा, एमपीइजी-२ आणि एमपीइजी-४ (चित्र-आवाज आटोपशीर करून पाठवण्याच्या जुन्या व नव्या पद्धती) असे दोन्ही प्रकारचे प्रक्षेपण घेणारा हा साधा बॉक्स आहे. माझे मत आधीच सांगतो : घरात टीव्ही पाहणाऱ्याला रेकॉर्डिंग स्वतःच्या ताब्यात हवे असेल, तर आज एवढ्या कमी खर्चात दुसरा मार्ग मला दिसत नाही.

‘ताब्यात’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. आपल्याकडे डीटीएचवर रेकॉर्डिंगची सोय नवीन नाही. टाटा स्काय प्लस २००८ साली आला तेव्हा बॉक्सच्या आतच हार्ड डिस्क होती. पुढे इतर सेवांनी बाहेरून हार्ड डिस्क जोडण्याची मुभा दिली आणि ‘हवे तेवढे रेकॉर्डिंग’ अशी जाहिरातही झाली. परंतु सशुल्क सेवेच्या बॉक्सवर केलेले रेकॉर्डिंग सहसा कूटबद्ध, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेले असते आणि ते त्याच बॉक्सवर उघडते. बॉक्स बिघडला, बदलून मिळाला किंवा सेवा बंद केली, तर डिस्क आपल्या कपाटात असूनही तिच्यावरील कार्यक्रम आपल्याला पाहता येत नाहीत. माझ्या घरी पूर्वी असलेल्या एका सशुल्क सेवेचा बॉक्स नादुरुस्त झाला, तेव्हा आईने जपून ठेवलेली कीर्तने अशीच कायमची गेली. शिवाय असे बॉक्स डिस्क जोडताक्षणी ती स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करून मागतात, म्हणजे तिच्यावरचा जुना मजकूर आधीच पुसला जातो. डिस्क काढता येते. पण काढून दुसरीकडे वापरता येत नसेल, तर त्या काढण्याला फारसा अर्थ उरत नाही.

फ्री डिशवरील ज्या वाहिन्या कूटबद्ध नाहीत, त्यांच्याबाबत चित्र पूर्ण वेगळे आहे. उपग्रहावरून डिजिटल प्रवाह जसा येतो तसाच बॉक्स तो पेनड्राइव्हवर उतरवतो. त्यात पुन्हा एन्कोडिंग, म्हणजे चित्राचे नव्याने रूपांतर होत नाही, त्यामुळे रेकॉर्डिंगचा दर्जा मूळ प्रक्षेपणापेक्षा तसूभरही कमी होत नाही. माझ्या बॉक्सवर प्रत्येक रेकॉर्डिंगसाठी वाहिनीचे नाव व तारीख असलेला फोल्डर तयार होतो आणि आत ‘टीएस’ (ट्रान्सपोर्ट स्ट्रीम, म्हणजे प्रक्षेपणाचा मूळ प्रवाह) प्रकारची फाइल असते. ती संगणकावर व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरमध्ये लगेच सुरू होते. पेनड्राइव्ह काढून गावाकडच्या टीव्हीला लावला, तर बहुतेक नवे टीव्हीसुद्धा ती वाचतात. व्हीसीआरच्या काळात कॅसेट शेजारी देता येत असे, ती मोकळीक इथे पुन्हा मिळते आणि मला या बॉक्सचा हाच सर्वांत मोठा गुण वाटतो.

जागेचा हिशेबही सोपा आहे. एखाद्या साध्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला ३ मेगाबिट धरला, तर एका तासाला सुमारे १.३५ जीबी जागा लागते, म्हणजे ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर चाळीसहून अधिक तास बसतात. मात्र इथे फॉरमॅटची अडचण येते आणि ती नीट समजून घेतलेली बरी. पेनड्राइव्हवर फाइली मांडून ठेवण्याच्या एक्सफॅट, फॅट३२, एनटीएफएस अशा वेगवेगळ्या पद्धती असतात. ६४ जीबीचे पेनड्राइव्ह सहसा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून विकले जातात आणि बरेच स्वस्त बॉक्स ते ओळखतच नाहीत; पडद्यावर ‘यूएसबी नाही’ एवढाच संदेश येतो आणि माणूस पेनड्राइव्ह खराब आहे असे समजतो. बॉक्सच्या मेन्यूतून फॅट३२ केल्यास तो ओळखला जातो, परंतु फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. वरील हिशेबाने ही मर्यादा तीन तास उलटल्यावर थोड्याच वेळात गाठली जाते, म्हणजे तीन अंकी नाटक कसेबसे मावते आणि क्रिकेटचा सामना मावत नाही. चांगला बॉक्स अशा वेळी आपोआप दुसरी फाइल सुरू करतो, निकृष्ट बॉक्स रेकॉर्डिंग थांबवतो. माझा बॉक्स पहिल्या प्रकारचा आहे; जोडाच्या ठिकाणी क्षणभर चित्र अडखळते, पण कार्यक्रम तुटत नाही. एनटीएफएसमध्ये ही ४ जीबीची अडचण नसते, म्हणून बॉक्स ते स्वीकारत असेल, तर तोच पर्याय निवडावा.

टायमर ही दुसरी महत्त्वाची सोय आहे. आषाढी एकादशीला पंढरपुरातील शासकीय महापूजा पहाटे अडीचच्या सुमारास होते आणि सह्याद्री वाहिनीवर तिचे थेट प्रक्षेपण असते. वयस्क माणसांना त्या वेळी जागणे झेपत नाही, म्हणून टायमर लावून ठेवला की सकाळी स्नान आटोपून ती शांतपणे पाहता येते. त्यासाठी बॉक्सचे घड्याळ बरोबर असणे आवश्यक आहे. उपग्रहावरून येणारी वेळ ग्रिनिचची असते आणि भारतीय वेळेचा साडेपाच तासांचा फरक मेन्यूत आपण भरायचा असतो. नव्या बॉक्समध्ये तो बऱ्याचदा भरलेला नसतो. तेव्हा टायमर लावण्याआधी पडद्यावरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहावी. बॉक्स रिमोटने स्टँडबायवर ठेवायचा, मुख्य बटण मात्र बंद करायचे नाही, हेही घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे लागते.

आषाढ म्हणजे पावसाळा, आणि फ्री डिशचे प्रक्षेपण जीसॅट-१५ उपग्रहावरून केयू बँडमध्ये, म्हणजे पावसाने सहज अडणाऱ्या उच्च फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात येत असल्यामुळे जोराच्या सरीत सिग्नल क्षीण होतो. पडद्यावर जे चौकोन फुटतात, तेच जसेच्या तसे रेकॉर्डिंगमध्ये येतात. याला बॉक्स जबाबदार नाही. पावसाळ्यापूर्वी छतावरील डिशचे नट घट्ट करून आणि सिग्नलचा दर्जा दाखवणारी पट्टी पाहून दिशा नीट जुळवून घेतली, तर बराच फरक पडतो. वीज गेल्यास तोवरचे रेकॉर्डिंग बहुधा शाबूत राहते, कारण टीएस फाइल १८८ बाइटच्या सुट्या पाकिटांची बनलेली असते आणि तिला शेवटी पूर्ण करण्याची गरज नसते. वीज परतल्यावर मात्र माझा बॉक्स राहिलेला भाग आपणहून रेकॉर्ड करत नाही. त्याला १२ व्होल्टचा अडॅप्टर असल्याने मी वायफाय राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस जोडला आहे. व्होल्टेज, करंट आणि पिनच्या धन-ऋण बाजू जुळत असतील तरच तसे करावे.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. बॉक्समध्ये एकच ट्यूनर (फ्रिक्वेन्सी पकडणारा भाग) आहे. एक वाहिनी रेकॉर्ड होत असताना दुसरी पाहायची, तर ती त्याच फ्रिक्वेन्सीवरची असावी लागते, अन्यथा बॉक्स रेकॉर्डिंग थांबवू का असे विचारतो. मालिकेच्या वेळी घरात दोन मते असतील, तर हा दोष रोज जाणवेल. कार्यक्रमांचे वेळापत्रक अपुरे असते, त्यामुळे सुरुवात आणि शेवटाच्या वेळा हाताने भराव्या लागतात आणि पुढेमागे पाच-दहा मिनिटे जास्त धरावी लागतात. यूएसबीचा पोर्ट फार वीज देत नाही, यूएसबी २.० च्या मानकात ५०० मिलिअँपिअर एवढीच मर्यादा आहे, म्हणून काही पोर्टेबल हार्ड डिस्क त्यावर फिरतच नाहीत किंवा मध्येच बंद पडतात. पेनड्राइव्ह किंवा स्वतंत्र अडॅप्टर असलेली डिस्क अधिक भरवशाची ठरते.

पेनड्राइव्हच्या निवडीत काटकसर करू नये. रेकॉर्डिंगसाठी सेकंदाला अर्धा एमबीसुद्धा वेग लागत नाही, त्यामुळे महागडा वेगवान पेनड्राइव्ह घेण्याची गरज नाही, पण तो अस्सल हवा. रस्त्यावर किंवा ऑनलाइन अतिशय स्वस्तात मिळणारे ‘१ टीबी’चे पेनड्राइव्ह अनेकदा प्रत्यक्षात त्याच्या अंशाइतक्याच क्षमतेचे असतात, फाइलची नावे दिसत राहतात आणि आतला कार्यक्रम नाहीसा झालेला असतो. एचटूटेस्टडब्ल्यूसारख्या मोफत प्रोग्रामने पूर्ण क्षमता भरून तपासून घ्यावी. काढतानाही मेन्यूतील ‘सुरक्षित काढा’ हा पर्याय निवडून, दिवा विझल्यावरच हात लावावा.

रेकॉर्ड करणे कायदेशीर आहे का, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३९ नुसार प्रक्षेपणाचे स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेले रेकॉर्डिंग हा प्रक्षेपण-हक्काचा भंग मानला जात नाही. ते विकणे किंवा यूट्यूबवर टाकणे ही निराळी बाब आहे.

बॉक्स घेताना खोक्यावरच्या छपाईवर विसंबू नये. स्वतःचा फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह दुकानात न्यावा, आपल्याला हवी असलेली वाहिनी पाच मिनिटे रेकॉर्ड करायला सांगावी आणि तोच पेनड्राइव्ह दुकानातल्या संगणकावर किंवा दुसऱ्या टीव्हीवर उघडून पाहावा. काही बॉक्सवरची रेकॉर्डिंगे फक्त त्याच प्रकारच्या बॉक्सवर चालतात आणि एरवी ते दिसायला अगदी सारखेच असतात. दुकानदार चाचणीला तयार नसेल, तर दुसरे दुकान गाठावे.