राजघराण्याची लग्नं: लंडनमधला दोन तासांचा वॉक, आणि त्यातली चांदीच्या झग्याची गोष्ट

सांगलीत आमचं मंगल कार्यालय आहे. आमच्याकडे येणाऱ्या माणसाला मी आधी वेळ विचारते, तारीख नंतर. लग्न सकाळच्या मुहूर्ताचं आहे की गोरजाचं, यावर आचारी, पंगती, लायटिंग, वऱ्हाडाची वर्दळ, सगळंच ठरतं. म्हणून लेकीनं लंडनमध्ये 'राजघराण्याची लग्नं' नावाचा वॉक बुक केला तेव्हा मी लगेच तयार झाले. ही लग्नं किती वाजता लागायची आणि का, एवढं जरी कळलं तरी वीस पौंड वसूल झाले, असं मी तिला सांगितलं. वसूल झाले. पण एक मोठी त्रुटी आहे, ती पुढे लिहिते.

सुरुवात वॉटर्लू प्लेसला, ड्यूक ऑफ यॉर्कच्या उंच खांबापाशी होते. आमच्या गाइडबाई साठीच्या पुढच्या होत्या. कोटावर निळा बॅज, हातात चित्रांची जाड फाइल. मायक्रोफोन नव्हता, पण आवाज खणखणीत. या जागी पूर्वी कार्लटन हाऊस उभं होतं. पुढे चौथा जॉर्ज झालेल्या युवराजाचा हा वाडा. त्याची एकुलती एक मुलगी शार्लट हिचं लग्न 2 मे 1816 रोजी इथेच, रात्री नऊ वाजता, दिवाणखान्यात लागलं. बाईंनी तिच्या झग्याचं चित्र दाखवलं. जाळीवर चांदीचं काम, खाली पुन्हा चांदीचं कापड. मी ते चित्र हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. ज्यानं स्टेजची लायटिंग लावून घेतली आहे त्याला हा झगा बघताच कळेल की तो रात्रीसाठीच शिवलेला आहे. मेणबत्त्यांच्या हलत्या उजेडात चांदी जिवंत होते; भर दुपारी तीच डोळ्यांवर येते.

तिथून पॅल मॉलवरून सेंट जेम्स पॅलेसच्या विटांच्या जुन्या दरवाजापाशी नेतात. आत जाता येत नाही, पण वॉकचा जीव या थांब्यात आहे. आतल्या चॅपल रॉयलमध्ये, म्हणजे राजघराण्याच्या खासगी प्रार्थनाघरात, एकामागून एक लग्नं रात्रीच लागली. तिसऱ्या जॉर्जची नवरी (तिचंही नाव शार्लटच) जर्मनीहून 8 सप्टेंबर 1761 ला दुपारी या राजवाड्यात पोचली, नवऱ्याला पहिल्यांदा तेव्हाच भेटली आणि त्याच रात्री तिचं लग्न लागलं. समुद्रातून आलेल्या, दमलेल्या त्या सतरा वर्षांच्या मुलीला कुणी एक दिवसही विसावा दिला नाही, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. 1736 मध्ये युवराज फ्रेडरिकचं लग्नही इथेच रात्री झालं. जेवणं उरकल्यावर नवरा-नवरीला पलंगावर बसवलं आणि दरबारी मंडळी त्यांना बघून गेली. म्हणजे रात्रीचं लग्न हे दरबाराचं लग्न. ज्यांना बोलावलं ते आत, बाकीचं शहर बाहेर.

यातली खरी मौज बाईंनी फार छान उलगडली. साध्या इंग्रज माणसाला रात्री लग्न करायची परवानगीच नव्हती. चर्चचा नियम सकाळी आठ ते दुपारी बारा. 1753 च्या विवाह कायद्यानं लग्नाचे नियम आणखी आवळले. चोरून, अंधारात लागणारी लग्नं थांबवायची होती. खास परवाना काढला तरच त्यातून सुटका, आणि राजघराणं तर या कायद्यातून पूर्ण वगळलेलं. ही वेळ 1886 मध्ये दुपारी तीनपर्यंत आणि 1934 मध्ये संध्याकाळी सहापर्यंत वाढली. विधी बाराच्या आत उरकायचा म्हटल्यावर लग्नाचं जेवण दुपारचंच होणार, आणि इंग्लंडात अजूनही मुख्य पंगत तीच धरतात. रात्रीचा नाच हा नंतरचा, वेगळा कार्यक्रम. आमच्याकडे सकाळी अक्षता आणि संध्याकाळी रिसेप्शन असतं, त्यामुळे मला हे लगेच पटलं.

मग व्हिक्टोरिया. 10 फेब्रुवारी 1840, त्याच चॅपल रॉयलमध्ये, पण दुपारी. सकाळी पाऊस आणि वारा होता, तरी रस्त्यावर गर्दी. राणी बकिंगहॅम पॅलेसमधून बग्गीनं आली, लग्न लावून परत गेली, जेवण झालं आणि दुपारीच नवऱ्याबरोबर विंडसरला निघाली. अंगावर पांढरं सॅटिन आणि डेव्हनच्या बायकांनी विणलेली हॉनिटन लेस, डोक्यावर मुकुटाऐवजी संत्र्याच्या फुलांचा गजरा. बाईंनी राजकन्या शार्लटचं आणि व्हिक्टोरियाचं चित्र शेजारी शेजारी धरलं. चोवीस वर्षांचं अंतर, पण एक झगा दिव्यांसाठी आणि दुसरा दिवसाच्या उजेडात लांबून दिसावा म्हणून. हा वॉक मी दुसऱ्यांना सुचवते तो मुख्यतः या एका जागेसाठी.

पुढे द मॉलवरून बकिंगहॅम पॅलेसची सज्जा आणि बागेतून वेस्टमिन्स्टर ॲबी हे मोठं चर्च. इथे बाई थोड्या घाईत होत्या. ॲबीमध्ये 1382 नंतर राजघराण्याचं लग्नच झालं नव्हतं. ते थेट 27 फेब्रुवारी 1919 ला राजकन्या पॅट्रिशियाचं झालं. तिथून पुढे लग्न बोळातल्या चॅपलमधून बाहेर पडून रस्त्यावर आलं. पुढे राणी झालेल्या एलिझाबेथचं 20 नोव्हेंबर 1947 ला सकाळी साडेअकराला, रेडिओवर. तिची बहीण मार्गारेटचं 6 मे 1960 ला, ब्रिटिश राजघराण्यातलं टीव्हीवर दाखवलेलं पहिलं. 2011 मध्ये विल्यम-केटचं सकाळी अकराला, त्या दिवशी देशभर सुट्टी. मिरवणूक लोकांना दिसायची तर ऊन हवं, हे मी कुठल्याही वरपित्याला सांगेन. 1947 च्या लग्नात गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची लेस पाठवली होती, 'जय हिंद' विणलेली. आमच्या गटात भारतीय आम्हीच, तरी बाईंनी ते आवर्जून सांगितलं. मला भरून आलं.

पोशाखाबद्दल त्या जे बोलल्या ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. दिवसाच्या लग्नाला पुरुषांचा मॉर्निंग कोट, बायकांची हॅट, झगा आखूड. रत्नजडित टियारा, म्हणजे डोक्यावरचा मुकुटासारखा दागिना, संध्याकाळचा, तोही रिवाजानं विवाहित बाईनं घालायचा. एकट्या नवरीला भर दिवसा टियाराची मुभा.

आता त्रुटी. युरोपातल्या बाकीच्या राजघराण्यांचं नाव त्यांनी निघता निघता घेतलं, तेही मी विचारलं म्हणून. डायनाच्या झग्यामागे लोळणाऱ्या पंचवीस फुटी घोळावर मात्र पाव तास गेला. ती सगळ्यांना पाठ आहे! त्याऐवजी स्टॉकहोम घ्यायला हवं होतं. 19 जून 2010 ला तिथल्या युवराज्ञी व्हिक्टोरियाचं लग्न दुपारी साडेतीनला होतं. चर्चमधल्या पाहुण्या राण्या लांब गाउन आणि टियारात, पुरुष पांढरा बो किंवा गणवेशात. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे सगळा संध्याकाळचा साज लख्ख उन्हात. मिरवणूक, मग वल्ह्यांच्या राजनौकेतून राजवाड्याकडे, आणि शेवटी रात्रीची मेजवानी. कोपनहेगनला 14 मे 2004 ला डेन्मार्कचा तेव्हाचा युवराज फ्रेडरिक आणि मेरीचं लग्न दुपारी चारला लागलं आणि फ्रेडेन्सबोर्गच्या वाड्यात त्यांनी लग्नाचा वॉल्ट्झ, म्हणजे जोडीनं करायचा नाच, केला. तो मध्यरात्रीच्या आत व्हायला हवा, आणि पाहुणे टाळ्या वाजवत नवरा-नवरीभोवतीचं वर्तुळ लहान करत आणतात, अशी डेन्मार्कची रीत. दिवस रस्त्यावरच्या लोकांना आणि रात्र पाहुण्यांना, दोन्ही एका पोशाखात साधलंय. ब्रिटिश रीत याच्याशी ताडून बघितली असती तर वॉक दुपटीनं मोलाचा झाला असता. बाईंना मी हे स्पष्ट सांगितलं. त्यांनी वहीत टिपून घेतलं.

जाणाऱ्यांसाठी: बूट चांगले घाला, बसायला बागेतल्या बाकांशिवाय कुठे मिळत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बकिंगहॅम पॅलेसपाशीच वॉक संपवला तरी चालेल, सेंट जेम्सचा भाग तोवर होऊन गेलेला असतो. ॲबीचं तिकीट यात धरलेलं नाही, आणि रविवारी ॲबी फक्त प्रार्थनेसाठी उघडी असते, म्हणून दुसरा वार घ्या. चॅपल रॉयल आतून बघायचंच असेल तर हिवाळ्याच्या महिन्यांत तिथल्या रविवारच्या प्रार्थनेला बाहेरच्या माणसालाही बसता येतं. त्यासाठी वेगळी सकाळ राखून ठेवा.