बडोद्यात सुलेखनावर उभं राहायचं: कामं घ्यावीत, वर्ग घ्यावेत की स्वतःचा माल काढावा?

हात बसला आहे, घरातले आणि शेजारचे अक्षराचं कौतुक करतात, एकदोन जणांनी पैसे देऊन काही लिहूनही घेतलं आहे, आणि आता यातून काही उभं करावं असं मनात आहे. या टप्प्यावर असलेल्यांसाठी हे लिहिते आहे, त्यातही बडोद्यात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी. इथे तीन वाटा समोर येतात. लोकांची कामं घेणं, म्हणजे लग्नपत्रिका, दारावरच्या पाट्या, मानपत्रं, दुकानांची नावं. दुसरी, शिकवणं. तिसरी, स्वतःच्या नावाने कॅलेंडर, भेटकार्डं, भिंतीवरच्या चौकटी असा माल काढून विकणं. बरेच जण तिन्ही एकदम सुरू करतात, कारण मोबाइलवर सगळेच तसं करताना दिसतात. माझा कौल आधीच सांगते: आधी कामं, वर्षभरात त्यांच्या जोडीला वर्ग, आणि माल सगळ्यात शेवटी.

हाताला काय मिळतं

निवड करताना लोक आधी पैशाचा हिशेब मांडतात. मी आधी हाताचा मांडेन, कारण सुलेखनात नाव होतं ते हातामुळे. खाली सही नसली तरी अक्षर कोणाचं हे ओळखू यावं, तोच तुमचा ब्रँड. रंग, चिन्ह, पानाची मांडणी हे सगळं त्याच्या नंतरचं.

आपल्या मनाने लिहिताना आपण लाडके शब्द घेतो. श्री, ॐ, गणपती, एखादी अभंगाची ओळ. त्यात आपल्याला जमणारी अक्षरं पुन्हा पुन्हा येतात आणि न जमणारी वर्षानुवर्षं बाजूला राहतात. गिऱ्हाईक मात्र स्वतःचं आडनाव घेऊन येतं. ‘कुऱ्हाडे’ लिहायचं तर त्या ऱ्हला जागा काढावीच लागते. ‘क्षीरसागर’मध्ये पहिल्याच अक्षरावर सगळं वजन पडतं आणि पुढची चार अक्षरं रिकामी वाटू लागतात, तो तोल सांभाळावा लागतो. कामांमुळे हात असा सगळीकडून घासला जातो. कमल शेडगे यांनी नाटकांची शीर्षकं आयुष्यभर केली, म्हणजे शब्द दरवेळी दुसऱ्याचाच होता. तरी जाहिरात पाहताच अक्षर शेडग्यांचं हे मराठी प्रेक्षक ओळखत असे.

वर्गाने हाताला मिळतं ते वेगळं असतं. शिकवताना मुळाक्षरांकडे परत जावं लागतं. बोरूचा काप देवनागरीसाठी रोमनच्या उलट का धरायचा, शिरोरेषा आधी ओढायची की शेवटी, कान्याची जाडी ग आणि णमध्ये सारखी कशी ठेवायची, हे समोरच्याला सांगावं लागलं की आपलंही पक्कं होतं. हातात शिस्त येते, पण शैली त्याने फारशी पुढे सरकत नाही. माल काढण्याने तर हाताला जवळजवळ काहीच मिळत नाही. एकदा लिहिलेलं छापायचं असतं आणि बाकी वेळ कागद, पाकिटं आणि कुरिअरमध्ये जातो.

बडोद्याचं जे खास आहे

इथे १९५० पासून महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं फाइन आर्ट्स आहे. त्यामुळे चित्राची समज असलेलं गिऱ्हाईक या गावात भेटतं, आणि रोमन अक्षरं सुंदर लिहिणारी तरुण मुलंही भरपूर आहेत. इंग्रजी नावांच्या कामात तुमची गाठ त्यांच्याशी पडते आणि भाव लगेच खाली येतो. मराठी आणि गुजराती, दोन्ही लिप्या एका हाताने नीट लिहिणारे मात्र थोडे आहेत. बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला दोन्ही लिप्या लहानपणापासून येतात. पुण्या-मुंबईचा कितीही मोठा सुलेखनकार इथे आला तरी त्याला ही गोष्ट शिकून घ्यावी लागेल.

याचा उपयोग सगळ्यात जास्त होतो पाट्यांत आणि पत्रिकांत, म्हणजे कामं घेण्याच्याच वाटेवर. एक पाटी जवळून पाहू. पितळेच्या किंवा पोलादाच्या पत्र्यातून नाव लेसरने कापून घ्यायचं असतं. देवनागरीत शिरोरेषा सगळ्या अक्षरांना धरून ठेवते, त्यामुळे अख्खं आडनाव एका तुकड्यात निघतं. सुटतात फक्त अनुस्वार आणि नुक्त्यासारखे ठिपके. ते जवळच्या रेषेला टेकवावे लागतात किंवा मागच्या पाटीवर वेगळे बसवावे लागतात. गुजरातीत शिरोरेषाच नाही. तिथे प्रत्येक अक्षर मोकळं पडतं, आणि ग किंवा ण तर कान्यापासून तुटून दोन तुकड्यांत येतो. म्हणून गुजराती पाटी काढताना अक्षरांचे पाय एकमेकांना गुंतवायचे, नाहीतर सुरुवातीपासूनच मागे पट्टी धरून आराखडा करायचा. हे ज्याला कळतं त्याच्याकडे पाटी करणारे कारागीर स्वतःहून गिऱ्हाईक पाठवतात, कारण त्यांचा पत्रा वाया जात नाही.

पत्रिकांचंही तसंच. मुलाकडचे मराठी, मुलीकडचे गुजराती, अशी लग्नं इथे नवी नाहीत. एका बाजूला लग्नपत्रिका आणि दुसऱ्या बाजूला कंकोत्री, म्हणजे गुजराती लग्नपत्रिका, हवी असते, आणि दोन्ही एकाच घरची वाटली पाहिजेत. तेच पेन घेऊन दोन्ही लिहिलं तर शिरोरेषा नसल्यामुळे गुजराती ओळ हलकी पडते. देवनागरी २.४ मिलिमीटरच्या पॅरलल पेनने, म्हणजे चपट्या निबच्या पेनने, लिहिली असेल तर गुजरातीला ३ मिलिमीटरचं घेऊन पाहावं आणि ओळ जरा मोठी ठेवावी. शिवाय मराठी पत्रिकेत पाकळीचा ल हवा. छापखान्यातल्या बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा ल आणि श येतो, आणि ‘लग्न’ या शब्दाची सुरुवातच लने होते. दांडिया बाजारातल्या एखाद्या आजोबांच्या नजरेतून ते सुटत नाही. हाताने लिहून घेण्याचं हे एक सबळ कारण आहे आणि गिऱ्हाइकाला ते मोकळेपणाने सांगावं.

मानपत्रांचं काम दिसायला लहान, पण नाव करून देणारं आहे. बडोद्यातल्या मराठी संस्था जुन्या आहेत. २०१८ सालचं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावात झालं. सत्कार, अमृतमहोत्सव, वर्धापनदिन चालूच असतात. हाताने लिहिलेलं मानपत्र चौकटीत बसून दिवाणखान्यात वर्षानुवर्षं राहतं आणि येणारा प्रत्येक पाहुणा ते वाचतो. यात सुरुवातीला मिळणारे पैसे बेताचे असले तरी काम सोडू नये.

कामांची खरी अडचण

कामं हंगामी असतात. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची झुंबड उडते, गणपती आणि नवरात्रात मंडळांची आणि गरब्याची कामं येतात, आणि पितृपक्षात टेबल रिकामं असतं. अर्धे पैसे आधी घेतल्याशिवाय बोरू शाईत बुडवू नये, आणि बदल दोनदाच करून मिळतील हे आधी सांगून ठेवावं. ओळखीतल्या लोकांना तर हे नक्की सांगावं, कारण तिथेच संकोचाने गणित बिघडतं.

दुकानाचं किंवा कंपनीचं नाव लिहून देताना कागद केल्याशिवाय पुढे जाऊ नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांसाठीच दिले असं धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. मालकाला अक्षर कायमचं हवं असतं आणि पुढे ट्रेडमार्कही करायचा असतो. म्हणून कुठे वापरणार, किती काळ, मूळ कागद कोणाकडे राहणार आणि तुम्ही ते काम स्वतःच्या संग्रहात दाखवू शकता का, या चार गोष्टी एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. कायमचे हक्क देत असाल तर त्याचा मोबदला वेगळा लावा.

वर्ग: पैसा संथ, पण ठरलेला

कामांपुढे वर्गाचा मोठा फायदा म्हणजे महिन्याचा अंदाज येतो. दहा मुलं असली की दहा जणांची फी नक्की. जागा फार लागत नाही. मांजलपूर किंवा कारेलीबागेत सोसायटीचा हॉल चालतो, घरातली खोलीही चालते. साहित्यही स्वस्त आहे. दोन पेन्सिली एकत्र बांधून सुरुवात करता येते, मग चपट्या टोकाचं मार्कर, आणि बोरू दुसऱ्या महिन्यात.

मुलांचा वर्ग आणि मोठ्यांचा वर्ग यांत मात्र जमीनअस्मानाचा फरक आहे. मुलांचे पालक बहुतेक वेळा ‘अक्षर सुधारा’ म्हणून पाठवतात. ते हस्ताक्षराचं काम आहे, सुलेखनाचं नाही, आणि दोन्हींची फी, वेळ आणि अपेक्षा वेगळ्या असतात. वर्गाला नाव देतानाच ते स्पष्ट करा. दुसरं म्हणजे, इथली पुष्कळ मराठी मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, पण देवनागरी त्यांना येते ती हिंदीच्या तासाला शिकलेली. त्यांच्या वहीत ळ क्वचितच दिसतो. मे महिन्याच्या सुट्टीत अशा मुलांसाठी मराठी वळणाचा वर्ग घेतला तर आजी-आजोबा स्वतः आणून सोडतात. मला विचाराल तर बडोद्यात सुलेखनाचा याहून मोलाचा उपयोग नाही.

मोठ्यांच्या वर्गातून पुढची कामं येतात. विद्यार्थी हेच पहिले गिऱ्हाईक होतात आणि तेच तुमचं नाव पसरवतात. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून मुक्तलिपी ही स्वतःची शैली घडवली आणि स्वतःचं लेखन आणि शिकवणं दोन्ही चालू ठेवलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शिकवण्यामुळे एखाद्याचं काम किती दूर पोचतं ते त्यांच्याकडे पाहून कळतं. पण त्यांच्या हाताला आधी स्वतःचं वळण होतं, हे विसरू नये. वळण नसताना वर्ग सुरू केला तर विद्यार्थी मुळाक्षरं शिकून निघून जातात आणि तुमच्यापाशी पुढचं काही उरत नाही. मोडीचा विषय निघालाच आहे तर: गायकवाडी दफ्तरात मोडी कागद आहेत आणि विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरात हस्तलिखितं आहेत. परवानगी काढून ती पाहायला मिळाली तर जुन्या लेखनिकांच्या हातातून जे शिकता येईल ते कुठल्याही व्हिडिओत नाही.

माल

यावर थोडक्यात. कॅलेंडर ऑफसेटवर छापायचं तर प्लेटांचा खर्च निघायला शेकड्यांनी प्रती काढाव्या लागतात. डिजिटलवर पन्नास काढता येतात, पण नग महाग पडतो. आणि जानेवारी उलटला की उरलेली कॅलेंडरं रद्दी. तारीख नसलेल्या वस्तू बऱ्या: पाडव्याची कार्डं, रुखवतात मांडायच्या पाट्या, नावांच्या चौकटी.

करांच्या बाबतीतही माल आणि वर्ग यांत फरक आहे. गुजरातेत सेवांना वर्षाला २० लाख आणि फक्त माल विकणाऱ्याला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पुण्यातल्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिकवलंत तरी २० लाखांपर्यंत ही सूट राहते. माल मात्र राज्याबाहेर विकायचा तर, ठरावीक हस्तकला वस्तू सोडल्यास, पहिल्याच विक्रीपासून नोंदणी लागते. मराठी अक्षरांचा मोठा ग्राहक महाराष्ट्रात आहे, म्हणजे हा प्रश्न तुम्हाला लगेच येणार. सीएला विचारूनच पाऊल टाका.

ट्रेडमार्कचंही तेव्हाच पाहावं. व्यक्तीला ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गवारीला ४,५०० रुपये फी आहे आणि नोंदणी दहा वर्षांची असते. कागदी वस्तू सोळाव्या वर्गवारीत येतात, शिकवणं एक्केचाळिसाव्या. कामं आणि वर्ग स्वतःच्या नावानेच चालवा, लोक हातासाठी येतात. मालाला वेगळं नाव हवं असेल तर द्या.

कोणी काय निवडावं

रिफायनरीत किंवा बँकेत नोकरी असेल तर पत्रिकांच्या मागे लागू नका. मुहूर्ताच्या कामाला रात्री पुरत नाहीत. मानपत्रं आणि पाट्या घ्या, शनिवारी मोठ्यांचा वर्ग ठेवा. फाइन आर्ट्समधून नुकते बाहेर पडला असाल तर दोन वर्षं मिळतील ती कामं घ्या, गुजराती पाट्यांसकट, आणि वर्ग नंतर. घर सांभाळून करायचं असेल तर दुपारचा मुलांचा वर्ग आणि हंगामात मोजक्याच पत्रिका, हे जुळतं. आणि माल कधी काढायचा? तुमची एकच चौकट पाहून तीन अनोळखी माणसांनी ‘हीच मला हवी’ म्हटलं की ती चौकट पन्नास प्रतींत छापा, सुरुवातीला बडोद्यातच विका.