कपाळावरच्या आठ्या: चष्मा, सनस्क्रीन आणि ट्रेटिनॉइन, वर्षभर वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांचं काम होईल. कपाळावरच्या बारीक रेषा बऱ्याच गेल्या. मधोमध एक ठळक आडवी रेषा होती, ती उथळ झाली, पण आहे. दोन भुवयांच्या मधल्या उभ्या रेषेत फारसा फरक नाही. आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त उपयोगी पडली ती कुठलीही क्रीम नव्हे, तर नवा चष्मा.

मी सोलापुरात शिक्षिका आहे. वय चव्वेचाळीस, रंग सावळा, कपाळ तेलकट, गाल कोरडे. शाळेत जाणं-येणं स्कूटीवर, आणि सोलापूरचं ऊन कसं असतं हे वेगळं सांगायला नको. चाळिशीनंतर फोटोत कपाळावरच्या आठ्या दिसायला लागल्या. आधी वाटलं, फोटो काढताना भुवया वर गेल्या असतील. मग शांत बसलेल्या फोटोतही त्या दिसल्या, तेव्हा स्किनच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरबाईंनी हातात आरसा दिला आणि भुवया वर करायला सांगितलं. नंतर चेहरा सैल सोडायला सांगून बोटाने एकेक रेष दाखवली: ही सैल सोडल्यावर गेली, ही राहिली. जी जाते ती अजून हालचालीची रेष आहे, ती लवकर ताब्यात येते. जी राहते ती त्वचेत बसलेली आहे, तिला वेळ लागतो आणि ती पूर्ण जाईलच असं नाही. कुठलाही उपाय सुरू करण्यापूर्वी घरच्या आरशात एवढं बघून घ्या. अपेक्षा तिथेच ताळ्यावर येतात.

कपाळात फ्रंटॅलिस नावाचा पातळ स्नायू असतो. त्याचे तंतू उभे, त्यामुळे तो आकसला की भुवया वर जातात आणि त्वचेला आडव्या घड्या पडतात. तरुणपणी घडी मोडते. पुढे वयाने आणि उन्हाने त्वचेला घट्ट धरणारं कोलेजन हे प्रथिन कमी होत जातं आणि कांजी केलेल्या साडीसारखी घडी तिथेच राहते. भुवयांच्या मधल्या उभ्या रेषांचे स्नायू वेगळे. कपाळ आक्रसून बघणं, उन्हात डोळे बारीक करणं हे त्यांचं काम.

मग डॉक्टरांनी विचारलं, "चष्मा कुठला वापरता?" मी जवळचं वाचायचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून पेपर तपासायचे. वर्गात गडबड झाली की मान न उचलता काचेच्या वरून शेवटच्या बाकाकडे बघायचं. म्हणजे दर वेळी भुवया वर. वर्गात, स्टाफरूममध्ये, घरी मोबाईल बघताना, दिवसभर हेच. चाळिशीचा चष्मा लागलेल्या आणि तो अर्धवट वापरणाऱ्या कुणालाही हे लागू पडेल. बँकेत, दुकानात, शिवणकाम करताना बायका कशा बघतात ते आठवून पाहा.

डोळे तपासून प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेतून जवळचं आणि लांबचं दिसणारा, चष्मा करून घेतला. काचा साध्या काचांपेक्षा बऱ्याच महाग पडतात. सुरुवातीला जिना उतरताना पायरी पुढे आल्यासारखी वाटते, बाजूला बघायला डोळे नुसते फिरवून चालत नाही, मान वळवावी लागते. महिन्याभरात सवय झाली. आता खाली पेपर आणि समोर फळा, दोन्ही त्याच काचेतून दिसतात, भुवया जागच्या हलत नाहीत. दुपारनंतर कपाळ जड व्हायचं तेही कमी झालं. ज्यांच्या वरच्या पापण्या खाली उतरल्या आहेत त्यांच्याही भुवया नकळत वर ओढल्या जातात, म्हणून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवणं फायद्याचं. आठ्यांसाठी हजारो रुपयांची सीरम घेणाऱ्या माझ्या मैत्रिणींपैकी एकीनेही आधी डोळे तपासले नव्हते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता सनस्क्रीन. स्कूटीवर आपण स्कार्फ बांधतो तो केसांवरून आणि नाकाखालून. कपाळाची पट्टी बहुतेक वेळा उघडीच राहते आणि ऊन नेमकं तिथे पडतं. मी आता स्कार्फ भुवयांपर्यंत खाली घेते, हेल्मेटची काच खाली ठेवते आणि गॉगल लावते. गॉगलने डोळे बारीक करणं थांबतं, हा उभ्या रेषेसाठी आपल्या हातातला उपाय आहे.

एसपीएफ ५० आणि पीएची चार अधिक चिन्हं असलेलं सनस्क्रीन घेते. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी एसपीएफ मुख्यतः यूव्हीबी किरणांबद्दल सांगतो. सुरकुत्यांच्या बाबतीत यूव्हीए जास्त महत्त्वाचे, ते खोल जातात आणि साध्या खिडकीच्या काचेतूनही आत येतात, म्हणून यूव्हीएपासूनचं संरक्षण सांगणारं पीए बघायचं. प्रमाण हा खरा मुद्दा आहे. पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेला असतो. आपण वाटाण्याएवढं चोळतो, त्यात तेवढं संरक्षण मिळत नाही. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांब रेघ येईल इतकं लागतं. या हिशोबाने पन्नास ग्रॅमची ट्यूब दीड-दोन महिन्यांत संपते, म्हणून परवडेल असंच निवडा.

अडचणी दोन आल्या. झिंक जास्त असलेलं सनस्क्रीन सावळ्या कपाळावर राखाडी दिसतं. आणि एप्रिल-मेमध्ये घामाबरोबर ते डोळ्यांत उतरतं, इतकं झोंबतं की गाडी बाजूला घ्यावी लागते. भुवयांच्या वर आता स्टिकचं सनस्क्रीन लावते, बाकी चेहऱ्याला पाण्याने न जाणारं. झोंबणं जवळजवळ थांबलं.

सनस्क्रीनवर माझा विश्वास बसला तो ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासामुळे. क्वीन्सलँडमधल्या नॅम्बर गावात ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षं लक्ष ठेवलं होतं. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचेचं म्हातारपण मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी दिसलं. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. मोजमाप तळहाताच्या मागच्या बाजूच्या त्वचेवर केलं होतं आणि लोक मुख्यतः गोरे होते, हेही लक्षात ठेवायला हवं. आपल्या त्वचेतल्या मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे सुरकुत्या उशिरा पडतात, पण डाग लवकर पडतात. सनस्क्रीन दोन्हीला लागतं.

तिसरी गोष्ट ट्रेटिनॉइन. मूळ औषध मुरमांचं. अमेरिकेतले त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये उन्हाने खराब झालेल्या त्वचेवरचा त्याचा परिणाम मांडला, आणि १९९५ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, बारीक सुरकुत्यांसाठी ट्रेटिनॉइनच्या क्रीमला मान्यता दिली. सुरकुत्यांच्या बाबतीत इतकी वर्षं तपासलं गेलेलं लावायचं औषध दुसरं क्वचितच असेल. मला ०.०२५ टक्क्यांची क्रीम लिहून दिली. वीस ग्रॅमची ट्यूब महिनोन्महिने पुरते.

लावायची रीत अशी. रात्री तोंड धुऊन पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, आधी साधं मॉइश्चरायझर, त्यावर सबंध चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढी क्रीम, वाटलं तर वरून पुन्हा मॉइश्चरायझर. सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री. तरीही पहिले काही आठवडे कपाळाचे पापुद्रे निघाले, नाकपुड्यांच्या कडा लाल झाल्या, साधं पाणी लागलं तरी चुरचुरायचं. इथे पुष्कळ जणी सोडून देतात. मी रात्री वाढवायची घाई केली नाही, म्हणून निभावलं. सावळ्या त्वचेला हे महत्त्वाचं, कारण आग होऊन लाल झालेली जागा मागे काळा डाग ठेवून जाते आणि तो डाग आठीपेक्षा जास्त दिसतो.

आपल्याकडच्या बायकांसाठी दोन गोष्टी खास सांगते. एक, टिकली. ट्रेटिनॉइनने त्वचा नाजूक झालेली असताना टिकली ओढून काढली की तिच्याबरोबर पापुद्रा निघतो आणि तेवढा गोल लाल होतो. त्या जागी मी क्रीम लावतच नाही आणि त्या दिवसांत गंध लावायचे. काही टिकल्यांच्या डिंकातल्या रसायनाने पांढरे डागही पडतात, तेव्हा तिथे खाज सुटत असेल तर टिकली बंद करून दाखवून घ्या. दुसरं, थ्रेडिंग. आधीच्या चार-पाच रात्री क्रीम बंद ठेवायची. वॅक्सिंग तर कपाळावर अजिबात नको, साल निघून येते.

साधारण चौथ्या महिन्यात पहिल्यांदा फरक जाणवला. हातालाच आधी कळलं, कपाळ गुळगुळीत लागायला लागलं. केसांच्या तेलामुळे कपाळावर बारीक पुटकुळ्या यायच्या, त्या गेल्या. रेषा त्यानंतर. खिडकीच्या बाजूने येणाऱ्या सकाळच्या उजेडात फोटो काढून ठेवले होते, त्यांत सहाव्या-सातव्या महिन्यानंतरचा फरक नवऱ्यालाही न सांगता दिसला. फोटो एकाच जागी, एकाच उजेडात काढा, नाहीतर मनाचे खेळ होतात.

मेडिकलमध्ये घेताना नाव नीट वाचा. डागांसाठी म्हणून हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड एकत्र असलेली मलमं मिळतात. त्यातल्या स्टिरॉइडने सुरुवातीला चेहरा उजळतो, पण महिनोन्महिने लावलं तर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात. आमच्या शाळेतल्या एका मावशींचा चेहरा मी असा बिघडताना पाहिला आहे. चिठ्ठीशिवाय घेऊ नका. दिवस गेलेल्या किंवा तसा विचार असलेल्या बायकांनी ट्रेटिनॉइन वापरायचं नाही.

बाकी उपायांचं थोडक्यात. दुधाची साय, एरंडेल, बदामाचं तेल, ग्लिसरीन यांनी कोरडी त्वचा मऊ होते आणि बारीक रेषा काही तास कमी दिसतात. लग्नाला जायचं असेल तर जरूर लावा. रात्री कपाळावर चिकटवायच्या सिलिकॉनच्या पट्ट्यांचंही तसंच, सकाळी छान, दुपारी पुन्हा तेच. लिंबू नको: रस लागलेल्या जागी ऊन पडलं तर भाजल्यासारखे काळे चट्टे येतात. "बोटॉक्ससारखा परिणाम" असं लिहिलेलं एक महाग सीरमही संपेपर्यंत लावलं. कपाळ ओलसर राहिलं, याहून जास्त काही झालं नाही.

खऱ्या बोटॉक्सबद्दल डॉक्टरांशी सविस्तर बोलले. ते स्नायूला काही काळ सैल करतं, परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा इंजेक्शन. अमेरिकेत भुवयांमधल्या रेषांसाठी त्याला २००२ मध्ये आणि कपाळाच्या आडव्या रेषांसाठी २०१७ मध्ये मान्यता मिळाली. भुवया वर धरणारा स्नायू कपाळातला फ्रंटॅलिसच असल्याने प्रमाण चुकलं तर भुवया जड होऊन खाली येतात, त्यामुळे पार्लरमध्ये हे कधीच करून घेऊ नये. माझी वहिनी करून घेते, तिला शोभतंही. मला वर्गात चेहऱ्याने बोलावं लागतं, आणि दर काही महिन्यांनी तो खर्च मला नको होता. माझ्या उभ्या रेषेवर मात्र तोच एक खात्रीचा उपाय आहे, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

सध्या ट्रेटिनॉइन एक दिवस आड, सनस्क्रीन रोज, सुट्टीच्या दिवशी घरातही. चष्मा झोपेपर्यंत डोळ्यांवर. थंडीत त्वचा कोरडी पडते म्हणून तेव्हा क्रीम आठवड्यातून दोनदाच लावणार आहे, आणि ०.०५ टक्क्यांवर जायचं का, ते संक्रांतीनंतरच्या तपासणीत ठरेल.