फिनास : इंधनचक्र प्रकल्पांसाठीची अनुभव-नोंद सेवा

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि ओईसीडीची (आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची) अणुऊर्जा संस्था संयुक्तपणे चालवत असलेली ‘फिनास’ ही सेवा अणुइंधन तयार करणाऱ्या, युरेनियम समृद्ध करणाऱ्या (म्हणजे त्यातील विखंडनक्षम अंश वाढवणाऱ्या) व वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करणाऱ्या प्रकल्पांतील घटनांची कारणे सहभागी देशांच्या तज्ज्ञांपर्यंत पोहोचवते. अणुभट्ट्यांपेक्षा या प्रकल्पांचे धोके वेगळे असल्याने अशी स्वतंत्र व्यवस्था मला अत्यावश्यक वाटते.

३० सप्टेंबर १९९९ रोजी जपानमधील तोकाइमुरा येथील अशाच एका इंधन प्रकल्पात कामगारांनी १८.८ टक्के समृद्ध युरेनियमचे द्रावण पोलादी बादलीने थेट अवक्षेपण टाकीत (द्रावणातून घन पदार्थ वेगळा करण्याच्या टाकीत) ओतले. २.४ किलोची मर्यादा ओलांडून टाकीत सुमारे १६ किलो युरेनियम जमा होताच अणुविखंडनाची साखळी अभिक्रिया सुरू झाली, आणि पुढे दोन कामगार दगावले. टाकीचा आकार, पद्धतीत परवानगीविना केलेला बदल, प्रशिक्षणाचा अभाव असा तपशील दुसऱ्या देशातल्या पर्यवेक्षकाला वेळेत मिळणे, हेच या सेवेचे खरे मोल.

नोंदी ऐच्छिक असतात आणि मूळ अहवाल अधिकृत प्रतिनिधींपुरतेच मर्यादित राहतात. गोपनीयतेमुळे देश मोकळेपणाने लिहितात, हे मान्य. तरी सर्वांसाठीचे सारांश अधिक सविस्तर हवेत. पुनर्प्रक्रिया प्रकल्प असलेल्या तारापूरच्या परिसरातील वाचकालाही ते उपयोगी पडतील.