एकट्याने जावं की मोट बांधावी?

परराष्ट्र धोरणातला हा वाद बहुतेक वेळा तत्त्वात अडकतो. एक बाजू सार्वभौमत्वाचा झेंडा घेते, दुसरी आंतरराष्ट्रीय कायद्याचा. वादसभेसाठी असो की मतदार म्हणून, तुम्हाला बाजू घ्यायची असेल तर आधी एवढंच पाहा: पहिला दिवस सरल्यावर या कामात इतरांकडून काय लागणार आहे? वाट, पैसा की मान्यता?

तुलनेला इराकइतकं सोयीचं उदाहरण नाही. तीच अमेरिका, तोच सद्दाम, मध्ये फक्त 12 वर्षं.

ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत गिळल्यावर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर पाठिंब्यासाठी देशोदेशी हिंडत राहिले. 29 नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेत कुवेत सोडवण्यासाठी बळ वापरायची परवानगी देणारा ठराव 678 हा 12 विरुद्ध 2 मतांनी मंजूर झाला; चीन तटस्थ राहिला. युद्धाला सुमारे 61 अब्ज डॉलर लागले आणि त्यातले 50 अब्जांहून अधिक सौदी अरेबिया, कुवेत, जपान, जर्मनी अशा देशांनी भरले. लढले मुख्यतः अमेरिकी सैनिक, वर्गणी मात्र सगळ्यांची. मोट बांधल्याचा जाचही होताच: परवानगी कुवेत सोडवण्यापुरती होती, त्यामुळे सैन्य बगदादवर गेलं नाही आणि सद्दाम खुर्चीवर राहिला. अनेकांना तेव्हा हा अर्धवटपणा वाटला. पुढचं पाहिल्यावर मला तरी तो शहाणपणा वाटतो.

2003 मध्ये सद्दामला हटवायला अमेरिका पुन्हा इराकवर गेली तेव्हा ब्रिटनसारखे काही सोबती होते, पण सुरक्षा परिषदेचा नवा ठराव नव्हता आणि फ्रान्स-जर्मनी उघड विरोधात होते. घोडं अडलं ते तुर्कीत. 1 मार्चला तिथल्या संसदेत अमेरिकी सैन्याला वाट देण्याच्या बाजूने 264 मतं पडली, विरोधात 250. तरीही प्रस्ताव पडला, कारण 19 जण तटस्थ राहिले आणि हजर सदस्यांचं बहुमत भरेना. उत्तरेकडून घुसायचा बेत गेला. किनाऱ्यापाशी खोळंबलेली जहाजं सुवेझमार्गे कुवेतकडे वळवावी लागली. बगदाद तीन आठवड्यांत पडलं. त्यानंतरच्या वर्षांचं बिल मात्र मुख्यतः एकाच्याच गळ्यात आलं.

म्हणजे एकट्याने जाणं चूकच? नाही. 1994 मध्ये रवांडात कत्तल सुरू असताना सुरक्षा परिषदेने शांतिसैनिकांची संख्या सुमारे 270 वर आणायचं ठरवलं. सगळ्यांची वाट पाहण्याचा अर्थ कधीकधी हा होतो.

आणि काही ताकद मुळात एकाच्याच हातात असते. निर्बंध उठवण्याच्या बदल्यात इराणच्या अणुकार्यक्रमाला मर्यादा घालणाऱ्या करारातून मे 2018 मध्ये अमेरिका बाहेर पडली आणि तिने निर्बंध पुन्हा लादले. इतर सगळे देश करारात राहिले. पण डॉलर अमेरिकेचा. फ्रान्सची टोटल कंपनी इराणच्या वायुप्रकल्पातून निघाली, आणि डॉलर टाळून व्यापार करायला ब्रिटन, फ्रान्स, जर्मनीने उभारलेली यंत्रणा जवळजवळ कागदावरच राहिली. गळा आवळायला एकटा पुरला. वचन पाळून घ्यायला नाही: करारात युरेनियम समृद्धीकरणाची (प्रमाण फार वाढलं तर त्यातून बॉम्ब बनू शकतो) मर्यादा 3.67 टक्के होती, 2021 मध्ये इराण 60 टक्क्यांवर पोचला.

एकट्याच्या बाजूने बोलणारे 1971 चं बांगलादेश युद्ध हमखास काढतात, आणि ते बरोबरच आहे. 7 डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 104 विरुद्ध 11 मतांनी युद्धबंदी मागितली; भारत थांबला नाही, आणि 16 तारखेला ढाक्यात शरणागती झाली. पण त्याआधीचे महिने बघा. सुमारे एक कोटी निर्वासित येऊनही घाई केली नाही. 9 ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार झाला, शरद ऋतूत इंदिरा गांधी पाश्चात्त्य राजधान्या फिरून आल्या. डिसेंबरात सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव सोव्हिएत नकाराधिकारानेच अडवले. हे एकटं जाणं असेल तर फार तयारीनिशी केलेलं होतं.

म्हणून माझा कल असा: काम थोडक्या दिवसांत संपणारं असेल, लागणारी साधनं स्वतःकडे असतील आणि नकाराधिकार वापरणारा एक तरी मित्र असेल, तर एकट्याने जाण्याच्या बाजूने उभं राहता येतं. दुसऱ्याची जमीन वर्षानुवर्षं सांभाळायची असेल किंवा समोरच्याकडून शब्द पाळून घ्यायचा असेल, तर मोटच बरी, रेंगाळली तरी. 1971 मध्येही लढाई 13 दिवसांत आटोपली, पण चीनच्या नकाराधिकारामुळे बांगलादेशला संयुक्त राष्ट्रांत जागा मिळायला 1974 उजाडलं.