एक्सपल्स 200 4व्ही: घाट, चिखल आणि हायवे, वर्षभर वापरल्यावर

गाडी घ्यायच्या आधी ज्याला त्याला विचारत सुटलो होतो आणि प्रत्येकजण पहिल्यांदा पॉवरच काढायचा. हिची चाळीस पीएस (म्हणजे अश्वशक्ती), तिची सव्वीस, हिरोच्या एक्सपल्सची एकोणीस, मग ती कशाला घेतोस? वजनाचं कोणी बोललंच नाही. आता वर्ष उलटून गेलंय, एक अख्खा पावसाळा झालाय, आणि माझं मत पक्कं झालंय की सह्याद्रीत फिरायला डुअल-स्पोर्ट (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारी गाडी) बघत असाल तर ब्रोशरमध्ये आधी कर्ब वेट (पेट्रोल-ऑईलसकट वजन) शोधा, मग सीटची उंची, आणि पॉवर सगळ्यात शेवटी वाचा.

माझा वापर आधी सांगतो, नाहीतर रिव्ह्यूला काही अर्थ नाही. राहायला पुण्यात सिंहगड रोडला, ऑफिस हिंजवडी, आठवड्यातून दोनेक दिवस गाडी ऑफिसला जाते, शनिवार-रविवार वेल्हे, पानशेत, भोर, मुळशी साईड, आणि सुट्ट्या जुळल्या की कोकण. उंची 5 फूट 6 इंच, वजन विचारू नका. किलोमीटर मोजले तर ऐंशी टक्के डांबर आणि वीस टक्के कच्चा रस्ता भरेल, आणि बहुतेकांचं असंच असतं, फिफ्टी-फिफ्टी वगैरे बोलायच्या गोष्टी आहेत. पण गंमत अशी आहे की डांबरावरचे ऐंशी टक्के कुठलीही गाडी काढते, थोडं हळू थोडं जोरात एवढाच फरक. कच्च्यावरच्या वीस टक्क्यांत चुकीची गाडी हातात असली तर तुम्ही तिकडे जाणंच बंद करता आणि मग ती दीड-दोनशे किलोची महागडी ऑफिसची गाडी होऊन बसते. अशा दोन गाड्या माझ्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहेत.

2024 च्या दिवाळीत घेतली तेव्हा समोर असलेले पर्याय असे. हिमालयन 450, चाळीस पीएस, चाळीस न्यूटन मीटर टॉर्क (खेचायची ताकद), हायवेवर चालवून बघितली तर उतरावंसं वाटेना, पण वजन 196 किलो. व्ही-स्ट्रॉम एसएक्स, अडीचशे सीसी, 167 किलो, बसायला एकदम सोफा, पण पुढे 19 इंची आणि मागे 17 इंची अलॉय चाकं. केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचरचं तेव्हाचं मॉडेल, तेही 19-17 वालं, आणि बजेटच्या बाहेर. आणि एक्सपल्स 200 4व्ही, 199.6 सीसी, ऑईल कूल्ड, 18.9 पीएस, 17.35 न्यूटन मीटर, 159 किलो, पुढे 21 आणि मागे 18 इंची स्पोकची चाकं, ग्राउंड क्लिअरन्स 220 मिमी, सीट 825 मिमी, 13 लिटरची टाकी. एक्स-शोरूम दीड लाखाच्या आसपास. शोरूमवाला डकार डकार करत होता, अरे बाबा डकारच्या शर्यतीला जाते ती हिरोची 450 सीसीची रॅलीची गाडी, तिचा आणि हिचा संबंध रंगापुरता.

एक्सपल्सच्याच प्रो व्हेरियंटचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. सस्पेन्शनची हालचाल पुढे 250 मिमी मागे 220 मिमी, पूर्ण अ‍ॅडजस्टेबल, आणि स्टँडर्डला 190 आणि 170. पण प्रोची सीट 891 मिमी. त्यावर बसून मी एका पायाच्या बोटांवर लटकत होतो आणि ते पण शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर, घाटातल्या उतारावर गोट्यांमध्ये पाय टेकायची वेळ आली तर काय होणार ते तिथेच कळलं. पावणेसहा फुटाच्या वरच्यांनी जरूर बघावी.

चाकांबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण यावर नवीन लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. 21 इंची चाक दगडावर चढताना कमी कोनात चढतं म्हणून हँडलला गचका कमी बसतो, आणि टायर 90 मिमीचाच, अरुंद असल्यामुळे चिखलावर तरंगत बसण्यापेक्षा कापत खाली जातो आणि खालची घट्ट जमीन पकडतो. याची किंमत डांबरावर मोजावी लागते, ताम्हिणीच्या वळणांवर गाडी आडवी करताना ती जरा आळस करते, 17 इंचवाल्या गाड्यांसारखी पटकन पडत नाही. आठवडाभरात हाताला सवय होते. मागचं 18 इंची असण्याचा फायदा असा की ऑफरोडचे टायर त्या साईजमध्ये सहज मिळतात.

आता वजन. पावसाळ्यात आम्ही चौघे चेलाडी फाट्यावरून आत शिरून वेल्हे, पासली करत केळदला गेलो होतो, मढे घाटाच्या माथ्यावर. (तानाजी मालुसऱ्यांचं पार्थिव याच घाटाने खाली उमरठ्याला नेलं असं सांगतात. घाट पायवाटेचा आहे, गाडी खाली घालायचा विचारसुद्धा करू नका.) डांबर सोडून एका शेतरस्त्याने आत गेलो, भाताची खाचरं दोन्हीकडे, मध्ये ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या दोन खोल चाकोऱ्या पाण्याने भरलेल्या आणि मधला उंचवटा शेवाळलेला. मी पडलो, मित्राची हिमालयन 450 पण पडली, दोघेही चालण्याच्या स्पीडने जात होतो त्यामुळे लागलं काहीच नाही. माझी मी एकट्याने उचलली. त्याची म्हशीसारखी बसली, तिघे लागलो, त्यातला एकजण घसरून परत तिच्यावरच पडला.

उचलायची पण एक पद्धत आहे, ती घरी पार्किंगमध्ये करून बघा. किल स्विच बंद. उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवायचा नाहीतर उभी करून पलीकडे आपटते. गिअरमध्ये टाकायची म्हणजे घरंगळत नाही. उतार असेल तर मागचं चाक ओढून गाडी फिरवून घ्यायची, चाकं उताराच्या बाजूला आणि सीट चढाच्या बाजूला, मग निम्मं काम तिथेच होतं. हँडल आत वळवून खालच्या टोकाची ग्रिप एका हातात, दुसरा हात मागच्या कॅरियरला, कंबर सीटला लावून पाठमोरं उभं राहायचं आणि हाताने न उचलता पायाने मागे मागे सरकायचं. 159 किलोला हे जमतं, दिवसातून तीनदाही जमतं. 196 किलोला पहिल्यांदा जमेल, तिसऱ्यांदा नाही, आणि तिसऱ्यांदा न जमण्याची भीती डोक्यात बसली की माणूस आधीच आखडून चालवतो आणि आखडून चालवली की हमखास पडतो. एकटं फिरणाऱ्याला तर हा मुद्दा सोडून चालणारच नाही.

कोकणातला कच्चा रस्ता वेगळा विषय आहे. जांभ्याची लाल माती कोरडी असताना वर बारीक खडी सुटलेली असते, छोट्या गोळ्यांवरून गेल्यासारखं पुढचं चाक तरंगतं, आणि ओली झाली की साबण. दिवेआगर, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवी, पुढे केळशी, आंजर्ले असा रस्ता ज्याने केलाय त्याला कळेल, त्यात सगळंच येतं, अरुंद डांबर, उखडलेलं डांबर, वाळू, चढउतार, आणि फेरीच्या ओल्या रॅम्पवर चढताना मागून जीपवाला हॉर्न मारतोय. या रस्त्याला एक्सपल्स इतकी शोभते की काय सांगू. दुसऱ्या-तिसऱ्यात गाडी मजेत चालते, खड्डा चुकवायचा विचार करावा लागत नाही, उभं राहून चालवायला फुटपेग योग्य जागी आहेत, 2023 च्या अपडेटमध्ये ते खाली आणि मागे नेलेत ते बरं केलं. मला हँडल मात्र उभं राहिल्यावर खाली वाटायचं म्हणून रायझर (हँडल उंच करणारे तुकडे) टाकले, कंबरेला लगेच फरक पडला.

एबीएसला (ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) तीन मोड आहेत, रोड, ऑफरोड आणि रॅली, रॅलीत पूर्ण बंद. एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, आणि मला कच्च्यावर तेच हवं होतं, मागचं चाक लॉक करून गाडी वळवता येते. उतारावर सुट्या खडीत मी ऑफरोड मोडच ठेवतो, रॅली मोडला हात लावायची माझी लायकी अजून नाही.

हायवेचं खरं सांगायचं तर 80-85 ला गाडी खूष, 90 ला ठीक, त्याच्या वर इंजिन ओरडायला लागतं. गिअर पाचच आहेत आणि प्रत्येक वेळी सहावा शोधत डावा पाय वर जातो. कोल्हापूरला गेलो तेव्हा खंबाटकीच्या चढाला मागून कंटेनर चिकटलाय आणि पुढे टँकर आहे, अशा वेळी थ्रॉटल पिळून ओव्हरटेक होत नाही, आधी चौथ्यात घ्यायची, जागा बघायची, मग निघायचं, म्हणजे ओव्हरटेक ठरवून करायला लागतो. पण एक विचार करा, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर टू-व्हीलरला बंदी, समृद्धीवर बंदी, मग ते 130 नेमकं कुठे पळवणार आहात? जुन्या हायवेला 85 ने कुणाचंही भागतं. पुण्याहून लडाख एका दमात करणाऱ्यांनी मात्र मोठं इंजिन घ्यावं, त्यांच्याशी वाद नाही. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एक दात मोठं टाकलं की हायवेला आरपीएम उतरतो, बरेच लोक टाकतात, पण मग पहिल्या गिअरचा रांगायचा दम जातो आणि चढावर क्लच जाळत बसावं लागतं, म्हणून मी टाकलं नाही.

अ‍ॅव्हरेज आरामात चालवली की 38-40, सारखी 90 च्या वर ताणली की 33-34. थोडं पेट्रोल राखून एका टाकीत चारशेच्या आसपास, कोकणात पुरून उरते. बायकोचं म्हणणं सीट शंभर किलोमीटरनंतर लाकडी होते आणि ते बरोबर आहे, आता अलिबागच्या पलीकडे जायचं असेल तर ती कार काढ म्हणते.

टायर आणि पंक्चर. कंपनीचे टायर डुअल पर्पजचे आहेत, कोरड्या कच्च्यावर छान, चिखलात खाचा भरल्या की संपलं. पावसाळ्यात मागे नॉबी (मोठ्या गाठींचा चिखलाचा टायर) टाकला (कंपनीचं नाव घेत नाही) आणि गाडी बदलल्यासारखं वाटलं, जिथे मागचं चाक नुसतं फिरायचं तिथे ती शांतपणे वर गेली. पण ओल्या काँक्रीटवर ब्रेक लावताना जीव मुठीत, आवाज असा की मागून कोणी येतंय का म्हणून आरसा बघायचो, आणि हायवेने मधल्या गाठी बघता बघता खाल्ल्या. थोडक्यात, जो पैसा मोठ्या गाडीवर घालणार आहात त्यातला थोडा टायरवर घाला, चिखलात तो जास्त कामाला येतो.

स्पोकचं चाक म्हणजे ट्यूब, आणि ट्यूब म्हणजे पंक्चरला तास. ट्रेलवर हवा मी अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवतो, पकड वाढते, पण दगडाच्या धारेवर जोरात आपटली की ट्यूब रिम आणि दगडात चिमटून दोन भोकं शेजारी शेजारी पडतात, ते पंक्चरवाल्याला पहिल्यांदा कळतच नाही, एक बुजवतो आणि दुसरं तसंच राहतं. दोन्ही साईजच्या ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, अ‍ॅक्सलचा पाना आणि छोटा पंप एवढं कायम सोबत. पुढची 21 ची ट्यूब खेड्यात मिळत नाही, पण अडचणीत पुढची ट्यूब मागे घालून घरापर्यंत येता येतं.

मेंटेनन्सला स्वस्त आहे, तालुक्याच्या गावात हिरोचं वर्कशॉप सापडतं हा मोठा प्लस. हेच इंजिन हिरोच्या एक्स्ट्रीम 200 एस 4व्ही मध्येही वापरलंय, त्यामुळे पार्टला थांबावं लागत नाही. मात्र पहिल्या सर्व्हिसला एका सर्व्हिस सेंटरवाल्याने प्रेशर वॉशरने चेन धुवून लूब न करताच दिली आणि वर स्पोक कशाला चेक करायचे म्हणून मलाच विचारलं. तेव्हापासून चेन, एअर फिल्टर आणि स्पोक माझे मीच बघतो. स्पोक पान्याने हळूच टकटक करत जायचं, ढिला असेल तो बद्द वाजतो. उन्हाळ्यात धुळीच्या रस्त्याने ग्रुपमध्ये फिरलात तर फिल्टर सर्व्हिसची वाट न बघता उघडा, माझा उघडला तेव्हा आत अक्षरशः वेल्ह्याची जमीन होती.

आणि एक, सड्यांवर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांवर) गाडी घालू नका. कासचं पठार पश्चिम घाटासोबत 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथे कोणी घालत नाही, पण बाकीच्या बिननावाच्या सड्यांवर पावसाळ्यात रीलसाठी गोल गोल फिरवणारे बघितलेत, कातळावरची माती दोन बोटं जाड असते, एकदा चाकाने उचकटली की परत यायला किती पावसाळे जातील देव जाणे. बैलगाडीचे, ट्रॅक्टरचे रस्ते ढीगभर आहेत. गावात थांबून विचारलं तर लोक स्वतः सांगतात कुठून जा, कुठला ओढा आज उतरलेला नाही.

मी घेतली आणि अडीच महिन्यांत, जानेवारी 2025 ला एक्सपल्स 210 आली, लिक्विड कूल्ड, 24.6 पीएस आणि तो सहावा गिअर. मित्रांनी यथेच्छ चेष्टा केली. चालवून बघितली, हायवेला ती सरळ सरळ पुढे आहे, आज घ्यायची असती तर तीच बघितली असती, कच्च्यावर मात्र माझ्या स्पीडला दोघींत फार फरक जाणवला नाही. कावासाकीची केएलएक्स 230 पण आलीये, 139 किलो, वजनावरून जीव जातो, पण सीट 880 आणि टाकी साडेसात लिटरची, म्हणजे कोकणात पंप शोधत फिरायचं. आणि सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, त्याच्या वरच्यांना 40 टक्के, त्यामुळे छोट्या आणि मोठ्या गाडीतली दरी आता अजून वाढलीये, ऑन-रोडचा हिशोब नव्याने करा, जुने व्हिडिओ बघून नको.

येत्या पावसाळ्याआधी मागचा टायर परत बदलायचाय. यावेळी पूर्ण नॉबी नको, रस्त्यावर साठ टक्के आणि मातीत चाळीस टक्के चालेल असं काहीतरी 18 इंचात बघतोय. कोणी टाकला असेल तर ओल्या काँक्रीटवर ब्रेक कसा लागतो तेवढं सांगा, बाकी आवाजाची आता सवय झालीये.